आढ्याच्या वर चार मीटर

शिडी पडवीच्या भिंतीला आडवी लावून मी हात धूत होतो, तेवढ्यात आतून काकूच्या फोनवर एकामागून एक टिंग टिंग सुरू झाले. बंगळुरूला असलेल्या तिच्या मुलीने आठवडाभरात पाठवलेले, वाटेत कुठेतरी अडून बसलेले सगळे फोटो एकदमच घरी पोहोचत होते. कौलांवर चढून तू नेमके केलेस काय, असे काकूने विचारले. मी सांगितले की नवे असे काही आणलेले नाही. आढ्याच्या वर चार मीटर जाईल असा पाइप उभा केला, त्याच्या टोकाला अँटेना बांधला, आणि सड्यावरच्या टॉवरचा सिग्नल तिथून तसाही जातच होता, तो केबलने घरात उतरवला. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं ते आपल्या घरावरूनच जात होतं?" मी हो म्हणालो. ती पुन्हा नातवाच्या फोटोंकडे वळली.

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि त्यामुळेच तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण ही बाई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की पाखाडीच्या पायऱ्या चढून वर डांबरी रस्त्यापर्यंत जात असे. तिथल्या मोरीच्या कठड्यावर, डाव्या बाजूला, एका ठरावीक जागी उभे राहिले की फोन लागे. दोन पावले इकडे तिकडे झाली की पलीकडचा आवाज तुटे. गुडघे दुखत असतानाही ती जाई. पावसाळ्यात एका हातात छत्री, काखेत विजेरी आणि कानाला फोन, अशी ती उभी असलेली मी पाहिलेली आहे. आणि ती एकटी नव्हती. वाडीत प्रत्येकाची अशी एक जागा होती. कुणाची देवळामागचा चौथरा, कुणाची शाळेची वरची पायरी, तरुण पोरांची सड्यावरची पहिली सपाटी. या जागा कुणी आखून दिलेल्या नव्हत्या, पण मुंबईहून गणपतीला आलेल्या चाकरमान्यालासुद्धा त्या घरातले लहान मूल बोट धरून दाखवत असे. मोरीवर बोलायचे म्हणजे मोठ्याने बोलायचे, आणि मोठ्याने बोलायचे म्हणजे सगळ्यांसमोर बोलायचे. कुणाच्या जावयाने नोकरी सोडली, कुणाच्या भावाने जमिनीच्या कागदावर सही करायला नकार दिला, हे वाडीला तिथेच कळे. सगळ्यात हाल ओटीपीचे. गॅसचा नंबर लावायचा किंवा बँकेचे काही करायचे तर अर्ज घरातल्या कागदावर आणि आकडा मोरीवर, आणि पाखाडी उतरून येईपर्यंत त्याची मुदत संपलेली. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावी असा नियम आला. शेतात उभे राहून फोटो काढावा आणि मग तो पाठवण्यासाठी डोंगर चढावा, असा त्याचा आमच्याकडचा अवतार होता.

पण घर तिथे खाली आहे, ते काही उगाच नाही.

कोकणातली जुनी वस्ती पाहिली की हे लगेच ध्यानात येते. वर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा खडक, ज्यावर पावसाळ्याचे चार महिने सोडले तर पाण्याचा थेंब टिकत नाही. खाली पऱ्या, म्हणजे ओढा, त्याच्या दोन्ही अंगांना साठलेली माती, तीत पोफळी आणि माड, आणि आगराच्या वरच्या अंगाला, पुराचे पाणी येणार नाही इतक्याच उंचीवर, घरे. आमच्या घराची पाठ पश्चिमेला, टेकडीला टेकलेली आहे. जून-जुलैत समुद्रावरून येणारा वारा आधी त्या टेकडीवर आदळतो आणि बराचसा घरावरून निघून जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, तेव्हा उत्तर रत्नागिरी आणि रायगडातल्या कितीतरी आगरांमधले माड-पोफळी आडवे झाले आणि महिना महिना वीज आली नाही. आम्ही बरेच दक्षिणेला, तरी त्या दिवशी सड्यावरच्या घरांची कौले उडाली आणि आमची राहिली. ज्या कुणी पूर्वजाने ही जागा निवडली, त्याने पाणी पाहिले, माती पाहिली, वारा पाहिला. टॉवर पाहण्याचे त्याला कारण नव्हते. जी टेकडी वाऱ्याला अडवते, तीच टेकडी रेडिओ लहरींनाही अडवते, आणि आपण तिच्याकडून एकाच गोष्टीची अपेक्षा ठेवू शकत नाही. काकूच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला द्यायचे असते तर ते या घराच्या जोत्यापासून सुरू करावे लागले असते.

लहरी पूर्णपणे अडतात असेही नाही. आपल्याकडचे ४जी मुख्यतः ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर चालते. ८५० ची लहर साधारण ३५ सेंटीमीटर लांब, २३०० ची जेमतेम १३. लांब लहर डोंगराच्या धारेवरून थोडी वाकून खाली येऊ शकते, आखूड लहरीला ते तितके जमत नाही. त्यामुळे दरीतल्या घरात जे काही पोहोचते ते बहुधा खालच्या पट्ट्याचे, आणि खालच्या पट्ट्याची वाट अरुंद असल्याने बोलणे होते पण व्हिडिओ अडतो. त्यातून जे घरापर्यंत येते, त्याला पुढे घराच्या भिंती भेटतात. चिऱ्याची दीड फुटी भिंत उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरीच असते, कारण जांभा पाणी पितो आणि ओली भिंत लहरी गिळते. ओल्या पानांचेही तेच. मे महिन्यात खळ्यात येणारा सिग्नल आषाढात येत नाही, याला टॉवर बिघडला हे कारण नसते; मधल्या फणस-आंब्यांनी पालवी धरलेली असते आणि तिच्यावरून पाणी निथळत असते. आणि आता नवे संकट पत्र्याचे. माकडे कौले फोडतात म्हणून गावेच्या गावे कौले उतरवून रंगीत पत्रे घालत सुटली आहेत. माकडांचा त्रास मी भोगलेला असल्याने कुणाला नावे ठेवणार नाही, परंतु धातूच्या पत्र्याखाली बसून नेटवर्क येत नाही म्हणून कपाळावर हात मारून घेणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की पत्रा त्याचे काम चोख करतो आहे.

फोनवरच्या काड्या मोजण्यात अर्थ नाही हे मला या उद्योगात पडल्यावर कळले. फोनच्या सेटिंगमध्ये खोलवर सिग्नलच्या ताकदीचा एक ऋण आकडा असतो, डीबीएम या मापात; तो शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. माजघरात तो उणे ११८ दाखवत होता, म्हणजे फोन कसाबसा श्वास धरून आहे एवढेच. खळ्यात उणे १०५. मग माणग्याचा एक लांब बांबू घेऊन त्याच्या टोकाला फोन बांधला, आकड्यांची नोंद ठेवणारे ॲप सुरू केले आणि तो आढ्याजवळून हळूहळू वर चढवत नेला. पोफळींच्या शेंड्यांची रेघ ओलांडली आणि आकडा उणे ९२ वर आला. उणे ११८ ते उणे ९२ हा फरक ऐकायला सव्वीसाचा वाटतो. पण हे मोजमाप असे आहे की दर दहाला ताकद दहापट होते, म्हणजे माजघरापेक्षा बांबूच्या टोकाला सुमारे चारशे पट सिग्नल होता. तेच गाव, तेच घर, तोच टॉवर. ते आकडे पाहताना मला आनंद झाला आणि लगेच थोडा रागही आला. कशाचा ते मात्र सांगता येईना. राग टॉवरवर काढावा तर तो त्याच्या जागी बरोबर होता, आणि घरही त्याच्या जागी बरोबर होते.

बांबू वर आणि खाली उभे राहून ओरडणारी माणसे, हे दृश्य आमच्या घराला नवे नव्हते.

दूरदर्शन गावात आले तेव्हा मी शाळेत होतो. टीव्ही वाडीत एकच, आमच्या शेजारच्या घरात, आणि त्याचा अँटेना असाच बांबूला बांधून कौलांवर. रविवारी सकाळी मालिका सुरू होण्याआधी कुणीतरी पोरगा वर चढे, एक जण खिडकीत उभा राही आणि एक टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या आहेत!" "आता?" "आवाज आला, चित्र गेलं!" "थांब, थांब, हलवू नको!" खिडकीतला माणूस आतले बोलणे बाहेर पोहोचवे, आणि तेवढ्यात वरच्याने बांबू आणखी फिरवलेला असे. खाली पडवीपासून खळ्यापर्यंत बसलेली सबंध वाडी त्या पोराच्या हाताकडे डोळे लावून असे. त्या अँटेनाच्या काड्या हातभर, कधी माणसाच्या उंचीएवढ्या, कारण त्या लहरी लांब. आज मी बांधलेल्या अँटेनाच्या काड्या बोटभर ते वीतभर आहेत आणि त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोळीत झाकलेल्या आहेत, पण वंश तोच. आडव्या दांडीवर ओळीने काड्या, एकच दिशा धरायची, हा घाट जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा यांनी हिदेत्सुगु यागी यांच्या हाताखाली १९२६ च्या सुमारास बसवला. उदांनी लिहिले ते जपानीत. यागींनी १९२८ मध्ये इंग्रजीत लिहिले आणि जगात नाव यागींचे राहिले. आमच्या शेजाऱ्यांच्या कौलांवर ज्याचे यंत्र चढले त्या माणसाचे नाव वाडीत कुणालाच ठाऊक नव्हते, तेव्हा निदान या एका अन्यायात तरी आमचा वाटा नाही.

लोक मला विचारतात, हा अँटेना सिग्नल वाढवतो का? तो स्वतः काहीच वाढवत नाही. त्याला वीज लागत नाही. बहिरट म्हातारा कानामागे हात धरतो तेव्हा बोलणाऱ्याचा आवाज वाढत नाही, फक्त एका बाजूचे जास्त गोळा होते आणि दुसऱ्या बाजूचे कमी. हे कमी होणेही कामाचे असते. सड्याच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला आणखी एक टॉवर आहे, त्याची कुजबुज आमच्या घरापर्यंत येऊन पहिल्या टॉवरच्या बोलण्यात मिसळते. अँटेना पहिल्याकडे तोंड आणि दुसऱ्याकडे पाठ करून बसवला की ताकद फारशी न वाढताही वेग वाढतो. म्हणून तो बसवताना मी फोनवरच्या काड्यांकडे किंवा टॉवरच्या दिव्याकडे न पाहता राउटरच्या, म्हणजे टॉवरचा सिग्नल घेऊन त्याचे घरात वाय-फाय करणाऱ्या पेटीच्या, पानावरचे दोन आकडे पाहत होतो, एक ताकदीचा आणि एक निर्मळपणाचा. दुसरा जिथे सर्वांत चांगला होता तिथे पाइपचा क्लॅम्प आवळला, आणि ती दिशा टॉवरच्या नेमक्या दिशेपासून जरा बाजूला निघाली.

या सगळ्या प्रकरणात खरा चोर असतो ती केबल. तालुक्याच्या बाजारात अँटेनाबरोबर जी बारीक काळी केबल गुंडाळून मिळते, तिच्या दहा मीटरमध्ये १८०० मेगाहर्ट्झला सहा-सात डेसिबल सहज संपतात, म्हणजे वर गोळा केलेल्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग भिंतीवरून उतरता उतरताच नाहीसा होतो. मग माणूस म्हणतो, अँटेनात काही दम नाही. जाड केबल घ्यावी आणि ती जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवावी. ४जी एकाच वेळी दोन वाटांनी ऐकते, त्यामुळे केबली दोन लागतात आणि अँटेनाही एकमेकांना काटकोनात तिरके बसवलेले दोन, किंवा एकाच खोळीत दोन्ही असलेला. मी राउटर पोटमाळ्यावर, आढ्याच्या अगदी जवळ नेऊन बसवला, म्हणजे नाजूक सिग्नलची वाट चार-पाच मीटरचीच उरली. तिथून खाली साधी इंटरनेटची तार माजघरात आली, आणि तिच्यात असे नुकसान होत नाही. आता काकूचा फोन वाय-फायवरूनच बोलतो, ओटीपीही माजघरातच येतो.

आणि बूस्टर? दर दोन दिवसांनी कुणीतरी मला बूस्टरची जाहिरात दाखवतो. सिग्नल पकडून, वीज लावून मोठा करून पुन्हा हवेत सोडणारी ती पेटी परवान्याशिवाय बसवणे बेकायदा आहे; दूरसंचार विभागाने हे अनेकदा बजावलेले आहे. कायद्याचे सोडा, पण तिचा गोंगाट उलट दिशेने टॉवरमध्ये शिरतो आणि आख्ख्या परिसराचे फोन बिघडवतो. राउटरला मुद्दाम दिलेल्या भोकात अँटेनाची पिन बसवणे वेगळे. शेजाऱ्याचे तोडून आपले वाढवण्याची ती पेटी लोकांना इतकी आकर्षक का वाटते, यावर मी इथे काही लिहीत नाही.

अँटेनाने सगळे सुटले असेही नाही. गणपतीत तीनशे माणसांच्या गावात हजार होतात, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि सड्यावरचा टॉवर तोच. त्या पाच-सात दिवसांत ताकदीचा आकडा ठणठणीत असतो आणि आरतीचा व्हिडिओ मात्र जात नाही. गर्दी टॉवरमध्ये असते, आणि टॉवरमधल्या गर्दीवर आमच्या पाइपचा काही इलाज नाही. वीज गेली की टॉवर आपल्या बॅटरीवर काही तास काढतो आणि मग गप्प होतो. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात जोडाच्या तोंडाशी एक थेंब शिरला तरी तो केबलच्या जाळीतून आत झिरपत राहतो. म्हणून जोडावर रबराची चिकटपट्टी ताणून गुंडाळावी लागते, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा लागतो, म्हणजे पाणी तिथूनच गळते. वैशाखातल्या वळवाच्या विजा आठवून पाइपला जाड तांब्याची तार जोडून ती खळ्याच्या कडेला कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात नेली आहे. माकडांनी अजून अँटेनाला हात लावलेला नाही, पण त्यांचे लक्ष आहे.

घरात मात्र बदल झाला, आणि तो मी धरला होता तसा सरळ निघाला नाही. काकू आता माजघरात बसून हलक्या आवाजात बोलते. पाखाडी चढणे संपल्याचा तिला मनापासून आनंद आहे. पण मुलगी आता वाटेल तेव्हा फोन करते, भात चुलीवर असताना करते, दुपारी डोळा लागलेला असताना करते, आणि काकूला ते आवडत नाही. मोरीवर असताना साडेसहाची वेळ ठरलेली असे, दिवसभर काय सांगायचे ते मनात जमवलेले असे, आणि बोलणे पंधरा मिनिटांत आटोपे. आता बोलणे दिवसभर थोडे थोडे सांडत राहते, त्यात सांगण्याजोगे काही उरत नाही, असे ती म्हणाली. खालच्या वाडीतल्या दोघी-तिघी तिला मोरीवर भेटत. त्यांच्या घरी अजून अँटेना नाही, त्या अजून जातात. एकदा ती काही निमित्त काढून वर गेली आणि बराच वेळ आली नाही. फोन घरीच होता.

त्या खालच्या घरांचा विचार मी करू लागलो तो तेव्हापासून. पाइप, क्लॅम्प, अँटेना, चांगली केबल, राउटर मिळून जो खर्च होतो तो प्रत्येक घराला झेपणारा नाही; आणि झेपला तरी उपयोग होईल असे नाही. पऱ्याच्या वळणावर, टेकडीच्या अगदी पोटाशी जे घर आहे, तिथे मी तोच बांबू घेऊन गेलो. पोफळीच्या शेंड्याच्याही वर आकडा उणे ११५ हून सुधारेना. तिथून दहा मीटर आणखी वर गेले तर कदाचित काही मिळेल, पण इतका उंच पाइप आमच्या वाऱ्यात ताणाच्या तारांशिवाय टिकणार नाही. त्या घरच्या मुलाने २०२० साली शाळा बंद असताना दहावीचा अभ्यास सड्यावरच्या एका कातळावर बसून केला होता. सिंधुदुर्गातल्या कुणा मुलीने डोंगरावर खोपटे बांधून अभ्यास केल्याची बातमी तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने वाचली. अशा कातळांवर बसलेल्या बाकीच्या पोरांची बातमी झाली नाही, आणि कौतुकाने अभ्यास सोपा झाला असता असेही नाही. हा मुलगा आता गावातच राहून संगणकावरची कामे घेतो. त्याला मोरी पुरत नाही.

त्याच्या अंगणातून टॉवर दिसत नाही, पण आमचे आढे दिसते. मध्ये अंतर दोनशे मीटरच्या आत, आणि एक फणस. डोळ्यांना वाट मोकळी दिसली म्हणजे लहरींनाही मोकळी असते असे नाही. त्यांना रेषेभोवती थोडा फुगीर पैस लागतो. दोन किलोमीटरवरच्या टॉवरशी १८०० मेगाहर्ट्झवर बोलायचे तर मध्यावर तो सुमारे नऊ मीटर त्रिज्येचा असतो, पण दोनशे मीटरसाठी आणि त्याहून आखूड लहरींसाठी दीड-दोन मीटर पुरतात. म्हणजे फणस तोडण्याची गरज नाही, आमचा पाइप हातभर उंच करावा लागेल आणि त्याच्याकडचा दांडा अंगणाच्या कोपऱ्यावरून गोठ्याच्या टोकाला न्यावा लागेल. दोन्ही टोकांना वाय-फायच्या लहान तबकड्या समोरासमोर बसवल्या की आमचे इंटरनेट त्याच्या घरी पोहोचेल. त्या पट्ट्याला परवाना लागत नाही. फणसाचे मालक असलेल्या शेजारच्या आजोबांना मी हे सांगितले तेव्हा झाड वाचल्याबद्दल ते खूश झाले आणि आपल्या घरालाही वाटेत एक जोड देता येईल का, असे त्यांनी विचारून घेतले.

पैशांचा प्रश्न होता. महिन्याच्या बिलातला वाटा मुलगा रोख देणार आहे, पण तबकड्यांचा खर्च त्याला एकदम जमणार नाही, म्हणून त्याने पुढच्या पाडणीचे नारळ देऊ केले. मी नको म्हणत होतो. काकूने मला थांबवले. नारळ सोललेले घ्यायचे की असोले, शेकड्याचा भाव कुठला धरायचा, आणि पाडेल्याची मजुरी कुणी द्यायची, हे ठरवायला ती उद्या सकाळी स्वतः खाली जाणार आहे.